सुमनमावशींना न आवडलेली जुआली

सुमनमावशी कुठल्याही कामाला आधी नाही म्हणत. "माझ्यानं नाय होनार बाई आता," म्हणत पदर खोचायच्या आणि काम उरकेपर्यंत कुरकुर चालू ठेवायच्या. आमच्या सातपूरच्या छोट्या चर्चमध्ये नवख्या माणसाला तो नकार खरा वाटे. आम्ही मात्र मावशी नाही म्हणाल्या की निर्धास्त व्हायचो. त्या मूळच्या सिन्नरकडच्या. मिशनच्या वसतिगृहात मेट्रन म्हणून त्यांचा जन्म गेला. दुसऱ्यांच्या पोरी वाढवून आलेला शिणवटा निवृत्तीनंतरही त्यांच्या चेहऱ्यावर मुक्कामाला होता.

जुआली आमच्याकडे आली ती एका रविवारी, लहान मुलीचा हात धरून. म्यानमारमधलं तिचं गाव जाळलं गेलं होतं. नवरा मागे राहिला होता; तो आहे की नाही हे तिलाही ठाऊक नव्हतं. मिझोराममार्गे ती दिल्लीला पोचली, तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयात निर्वासित म्हणून मान्यता मिळावी असा अर्ज केला, आणि भाडं परवडेना म्हणून गावाकडच्या एका मुलीच्या ओळखीने नाशकात आली. ती मुलगी इथे पार्लरमध्ये कामाला होती. दिल्लीहून बोलावणं येईपर्यंत डोक्यावर छप्पर हवं, एवढंच जुआलीचं मागणं होतं.

आमच्या मंडळींना असा उत्साह आला की विचारू नका. शाल आली, पुष्पगुच्छ आला, वेदीसमोर उभं करून फोटो झाला आणि उपासना संपायच्या आत तो ग्रुपवर गेलासुद्धा. चर्चमागची रखवालदाराची खोली तिला झाडून दिली. तांदूळ इतके आले की खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. मग तिला साक्ष द्यायला, म्हणजे देवाने कसं तारलं ते सगळ्यांसमोर बोलायला, सांगितलं. तिने मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं, आम्ही डोळे पुसले. पुढच्या रविवारी दुसऱ्या चर्चचे पाहुणे आले म्हणून पुन्हा साक्ष. महिला मंडळात पुन्हा. त्याच्या पुढच्या रविवारी पाळकांनी, आमच्या धर्मगुरूंनी, साक्षीसाठी परत तिचं नाव घेतलं तेव्हा मागच्या बाकावरून मावशींचा आवाज आला, "बसू द्या तिला. आपल्याला रडू येतं म्हनून तिनं दर रविवारी घर जाळायचं का?"

पाळकांनी घाईने पुढचं गीत सांगितलं. मावशींचं मात्र संपलं नव्हतं. "आनि तो फोटो काढा त्या ग्रुपवरून. पळून आलेलं मानूस हाय ते, नवरी नाय."

हळूहळू तांदूळ यायचे थांबले. कमिटीच्या बैठकीत सेक्रेटरी साळवेकाकांनी विषय काढला. काका वाईट माणूस नव्हे, फक्त त्यांना सगळ्याची भीती वाटते. पोलिसांनी विचारलं तर काय? खरं म्हणजे पाळकांना घेऊन मी स्वतः पोलीस ठाण्यात तिचे कागद दाखवून आले होते. तरी काका म्हणाले, "ते ठीक आहे हो टीचर, पण किती दिवस हे ठरायला नको का?" खोलीला रंग द्यायचा होता, नाताळचं सामान ठेवायचं होतं. कुणीच कुणाकडे बघेना. मावशी उठल्या, "माझ्यानं नाय होनार" असं दोनदा म्हणाल्या आणि त्याच संध्याकाळी मायलेकींना रिक्षात घालून आपल्या दोन खोल्यांच्या घरी घेऊन गेल्या.

आता त्या घरात प्रेमाचा पूर येईल अशी माझी समजूत होती. आली ती भांडणं. जुआलीला दिल्लीहून कुणीतरी आंबवलेल्या मासळीची बरणी पाठवायचं. ती उघडली की मावशी सगळ्या खिडक्या उघडायच्या. "सुकट मीबी खाते, पन हे काय मेलं!" जुआली भांडी आपटायची. दोन दोन दिवस अबोला चाले. चिमुरडी तेवढी दोघींच्या मधे बसून शांतपणे टीव्ही बघे.

मी म्हटलं, "मावशी, दुसरीकडे कुठे सोय बघू का?"

"कशाला? ती मला आवडत नाय, खरं सांगते. तिलाबी मी आवडत नाय. वसतिगृहात एवढ्या पोरी होत्या, सगळ्या काय आवडायच्या? जेवायला सगळ्यांना घातलं. आवडायचं ते पाळकांना सांग. मला इचारायचं तर गॅस संपला का इचार."

जुआलीला चर्च झाडायच्या पाळीत घ्यायला लावलं ते मावशींनीच. साळवेकाका म्हणाले, "अहो, पाहुण्यांना झाडू द्यायचा?" मावशी म्हणाल्या, "पाहुनी हाय तवर तुमी 'किती दिवस, किती दिवस' करनार."

दिल्लीला फोन करायचं काम माझ्याकडे होतं. दर वेळी उत्तर एकच, प्रकरण विचाराधीन आहे. खरं सांगते, मला कंटाळा यायला लागला. दुसऱ्याच्या दुःखाचाही कंटाळा येतो, आणि त्याची लाज वाटते, आणि लाज वाटूनही तो जात नाही. मावशींना हे बोलून दाखवलं तर त्या स्वतःचे पाय चेपत म्हणाल्या, "येतो की. मला काय येत नाय व्हय?" त्या दिवशी त्या फार म्हाताऱ्या दिसल्या.

पुढे मावशींच्या छातीत कफ धरला आणि त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. रात्रंदिवस उशाशी जुआली. मावशींचा मुलगा विलास पुण्याहून आला. परकी बाई घरात ठेवली म्हणून तो आईवर आधीच चिडलेला होता, फोनवर त्यांचं वाजलंही होतं. पेजेत मीठ किती, यावरून दोघींचं चाललेलं भांडण त्याने खाटेशेजारी उभं राहून ऐकलं. मग बाहेर येऊन मला म्हणाला, "माझ्याशी आई अशी कधी भांडली नाही." ही तक्रार होती की आणखी काही, मला कळलं नाही.

मावशी त्याच आठवड्यात गेल्या. घर आता विलासचं होतं. दफन झालं की तो कुलूप लावणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. चर्चमागच्या खोलीत रंगाचे डबे आणि मोडक्या खुर्च्या भरल्या होत्या. मायलेकी कुठे जाणार, हा प्रश्न आम्ही सगळे मनात घेऊन कब्रस्तानात उभे होतो आणि एकमेकांची नजर चुकवत होतो.

प्रार्थना झाली. पाळक म्हणाले, "आधी घरच्यांनी माती द्यावी." विलासने दिली, त्याच्या बायकोने दिली. मग साळवेकाका पुढे सरकले, मागोमाग आम्ही सगळे. विलास मात्र जागचा हलला नाही.

"थांबा काका," तो म्हणाला. "घरचे अजून झाले नाहीत."

त्याने मागे भिंतीकडे पाहिलं. जुआली तिथे मुलीला धरून उभी होती. "ताई, या पुढे."

काका बाजूला झाले. जुआली आली. तिने मुलीच्या मुठीत माती दिली, मग स्वतः घेतली, आणि टाकता टाकता आपल्या भाषेत काहीतरी रागाने बोलली. बोलता बोलता तिला रडू फुटलं.

दिल्लीहून अजून काही कळलेलं नाही. विलास संध्याकाळच्या बसने पुण्याला परत गेला. जाताना त्याने घराची किल्ली जुआलीकडेच राहू दिली.