चार टक्के आणि एक कावळा

आमच्या आबांच्या दहाव्याला कावळा शिवला, आणि त्यामुळं माझ्या मुलीला परदेशातल्या विद्यापीठाचा फॉर्म भरावा लागला. हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. सांख्यिकीचा मास्तर आहे मी, उगाच काहीबाही बोलत नाही.

उलट नेमकं बोलण्याबद्दलच माझी ख्याती! क्रांती चौकाजवळच्या आमच्या फ्लॅटवर दर रविवारी आईबाप आपापली पोरं घेऊन यायचे. मी मार्कलिस्ट बघायचो, कटऑफचे जुने तक्ते काढायचो, चष्मा कपाळावर ढकलायचो आणि सांगायचो, "मेडिकल, अकरा टक्के. नाद सोडा." पोरगं मान खाली घालायचं, आई चहा अर्धा टाकून उठायची, आणि मला समाजसेवा केल्याचं समाधान मिळायचं.

त्याच तक्त्यांवर मी आमच्या ऋतुजाचाही अंदाज काढला. बारावीतली एकुलती एक पोर. तिला परदेशातल्या एका फार मोठ्या विद्यापीठात जाऊन ग्रहताऱ्यांचा अभ्यास करायचा होता. तिथं एकदा आत घेतलं की खर्चाचा जिम्माही तेच लोक उचलतात, त्यामुळं जगभरची हुशार पोरं तुटून पडतात.

"चार टक्के," मी निकाल दिला. "इथल्या कॉलेजचा फॉर्म आण. तो भरू."

पोर वही उचलून बाहेर निघून गेली. बोलले ते आतल्या खोलीत खाटेवर पडलेले आबा. "परकाश, काय म्हनला रे तिला?"

आबा म्हणजे माझे वडील. फुलंब्रीजवळच्या आमच्या गावात त्यांनी उभी हयात शेती केली. लहानपणी निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत जात होते. पोलीस ॲक्शन झाली, उर्दूचे मास्तर निघून गेले, शाळा मराठी झाली आणि सगळ्या पोरांना परत पहिलीत बसवायचं ठरलं. आजोबा म्हणाले, पहिलीत बसतोस त्यापेक्षा मोटेवर बस. तिथं जी शाळा सुटली ती सुटलीच. परीक्षेला मात्र आबा शेवटपर्यंत इम्तिहान म्हणायचे.

"आबा, तिथं शंभरातली चारच पोरं घेतात," मी समजावलं.

"मंग चार तर घेतेत ना? बसू दे की पोरीला इम्तिहानाला."

"आबा, तुम्हाला यातलं कळत नाही."

हे आमचं शेवटचं धड बोलणं. आठवड्याभरात आबा गेले.

दहाव्याला आम्ही पैठणच्या घाटावर गेलो. मी, माझी बायको मंगल, ऋतुजा आणि गावाकडं शेती बघणारे माझे थोरले भाऊ, दादा. गुरुजींनी भाताचा पिंड मांडला, सगळे मागं सरलो आणि वाट बघू लागलो. दिवस चांगला वर आला होता, पण घाटावर हवा म्हणून नव्हती. समोरच्या बाभळीवर कावळे बसले होते, पंधरा-वीस तरी. आणि एकही ओरडत नव्हता! एवढे कावळे आणि एवढी शांतता मी आयुष्यात पाहिली नव्हती. त्यांतला एक पुढच्या फांदीवर, मान जरा डावीकडं कलती ठेवून बसला होता. आबांचा उजवा कान गेला होता, त्यामुळं आबा अशीच मान कलती करून ऐकायचे.

"काहीतरी इच्छा राहिलीया," गुरुजी म्हणाले. "बोलून टाका कोणीतरी."

दादा पुढं झाले. "आबा, खालच्या वावरातला आंबा तोडनार नाय!"

काही नाही.

"आबा, म्हैस इकनार नाय! मरंस्तोवर सांभाळतो!"

काही नाही.

"आबा, तुमची खाट मी हलवू देणार नाही," मंगल म्हणाली. कावळ्याला त्यातही रस दिसला नाही. तो माझ्याकडं बघत होता. मी दोन पावलं उजवीकडं सरकलो, त्याची मान उजवीकडं वळली. मी दादांच्या मागं गेलो, तो एक फांदी वर चढला. (माझी उंची पाच फूट तीन इंच. लपायला दादा पुष्कळ होतात, पण कावळ्यापासून कोण लपणार?)

आबांची इच्छा काय होती ते त्या घाटावर फक्त मला ठाऊक होतं, आणि मी तोंड मिटून उभा होतो. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती.

तासभर गेला. फरशी तापली, पाय भाजायला लागले. गुरुजींना पुढं दुसरं दहावं होतं, त्यांनी कावळा करायला दर्भ हातात घेतले. तेवढ्यात माझ्याच तोंडून माझा नसल्यासारखा आवाज निघाला, "आबा, ऋतूला त्या विद्यापीठात प्रवेश मिळवून दे—"

'देतो' हा शब्द पुरा व्हायचा होता. पंख फडफडले, काहीतरी गार माझ्या कानाला घासून गेलं, आणि पिंडावर चोच पडली. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला.

"शिवला! शिवला!" दादांनी हात जोडले. गुरुजी मात्र माझ्याकडं फार कीव आल्यासारखे बघत होते.

"सर, फॉर्म भरू देतो म्हणला असता तरी भागलं असतं. तुम्ही एकदम मिळवूनच देतो म्हणालात."

"मग? नाही मिळाला तर?"

"तर काय, आत्मा घुटमळतो."

"घुटमळला तर तुझ्या फ्लॅटमधी घुटमळंल बरं का," दादांनी घाईनं सांगून टाकलं. "आमच्याकडं लई पसारा हाय."

दुसऱ्या दिवसापासून ऋतुजा फॉर्मला बसली, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता आबांच्या खोलीच्या खिडकीत कावळा आला. आमचा मजला तिसरा. सात वर्षांत तिथं कबुतरांशिवाय कोणी आलं नव्हतं. हा ओरडला नाही, काही नाही. नुसता बसला. चार ही आबांच्या चहाची वेळ. मंगलनं बशीत चहा आणि एक खारी ठेवली. त्यानं खारी उचलली, चहात बुडवली, मऊ होईपर्यंत थांबला आणि मग खाल्ली. मंगलच्या हातातलं भांडं खाली पडलं.

"अहो, आबा पण अशीच..."

"कावळे असंच करतात," मी म्हणालो आणि खोलीबाहेर जाऊन बसलो.

फॉर्ममध्ये स्वतःविषयी एक निबंध लिहायचा होता. शब्द दिलेला मी, त्यामुळं चार टक्क्यांचे निदान सहा करायची जबाबदारी माझी! मी येरझारा घालत मजकूर सांगू लागलो, ऋतुजा टाईप करू लागली.

"लिही. मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे."

टक, टक. खिडकीच्या काचेवर.

आम्ही दोघंही थांबलो. आबांसमोर घरात कोणी खोटं बोललं की ते काही बोलत नसत. काठी जमिनीवर दोनदा आपटायचे. टक, टक.

"योगायोग," मी म्हणालो. "लिही. मी आमच्या भागातल्या दोनशे मुलींना विज्ञान शिकवलं."

टक, टक.

"पन्नास?"

टक, टक.

"बाबा, मी खालच्या मजल्यावरच्या पिंकीला ग्रहण समजावून सांगितलं होतं, बस." काच गप्प. मी खुर्चीत बसलो आणि म्हणालो, "मग तूच लिही बाई तुला काय लिहायचं ते."

तिनं आबांवर लिहिलं. सुटलेल्या शाळेवर, आणि उन्हाळ्यात गच्चीवर बाज टाकून तिला उर्दूतली ताऱ्यांची नावं सांगणाऱ्या आबांवर. खिडकीत हालचाल नव्हती. मी मागं उभा राहून वाचत होतो आणि माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. पुढं तिनं लिहिलं, 'माझ्या आजोबांची शाळा चौथीनंतर सुटली.'

टक, टक!

"आता यात काय खोटं आहे?" ऋतुजा खिडकीला म्हणाली. चौथी आम्हाला सगळ्यांना पाठ होती. आबाच सांगायचे, चौथी पास आहे मी. शेवटी मी दादांना फोन लावला.

"दादा, आबा कितवीपर्यंत शिकले होते?"

पलीकडं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग दादा हळू आवाजात म्हणाले, "तिसरी. ट्रंकेत उर्दू दाखला हाय त्याचा. मौलवीसायबाकडनं वाचून घेतला मी मागं. लोकात चौथी सांगायचा. पर तुला कोनी सांगितलं?"

मी फोन ठेवला. ऋतुजानं 'चौथी' खोडून 'तिसरी' केलं, आणि कावळा उडून गेला. फॉर्म गेला त्या दिवसापासून तो दिसला नाही.

मार्चअखेर उत्तर आलं. घेतलं नव्हतं आणि नाकारलंही नव्हतं. नाव प्रतीक्षायादीत होतं.

"म्हणजे काय?" मंगलनं विचारलं.

"म्हणजे हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. नुसतं थांबायचं."

"घाटावर थांबलो होतो तसं?"

मला त्या बोलण्यानं कापरं भरलं. आणि कापरं भरलं की माझा एकच उपाय, तक्ते! प्रतीक्षायादीतून किती पोरं आत जातात ते मी शोधून काढलं आणि जेवताना जाहीर केलं, "अर्धा टक्का." ऋतुजानं घास खाली ठेवला, ताट उचललं आणि आत निघून गेली. त्यानंतर ती माझ्याशी पाणी, पंखा आणि दार एवढ्यापुरतंच बोलायची. कोणाचा फोन आला, काय मेल आला, सगळं आईला. घरात आम्ही तिघं होतो आणि त्यातला एक मी होतो, हे मला आठवण करून घ्यावं लागायचं. फार लागलं मला ते.

मे महिन्यात एका दुपारी चार वाजता मी आबांच्या खोलीत पंखा बंद करायला गेलो. खिडकी बंद, दार बंद, आणि खाटेवर, उशीच्या बाजूला, तो बसलेला! मान डावीकडं कलती. दार उघडलं ते मीच. मग हा आत आला कुठून? मी हळूच दार लावलं, मोरीत जाऊन तोंड धुतलं, परत येऊन बघितलं तर खाट रिकामी. उशीवर खारीचा चुरा होता.

"रविवारी घाटावर जायचं," मी मंगलला सांगितलं. "आबांशी बोलून घेतो. अट थोडी सैल होते का बघू."

रविवारी उन्हाचा तडाखा असा, की घाटावर आम्ही तिघंच. मी भात मांडला, मागं सरलो आणि खिशातून यादी काढली. विद्यापीठं उतरत्या क्रमानं लावलेली, कटऑफसकट. बाभळीवर तो एकटाच होता.

"आबा," मी घसा साफ केला, "ते नाही जमलं तर पलीकडच्या देशातलं एक आहे. नऊ टक्के."

कावळा ढिम्म.

"बरं, दिल्लीचं? चौदा टक्के, वसतिगृहासकट!"

ढिम्म. मुंबई वाचली, पुणे वाचलं. पुण्याला त्यानं पाठ केली. मी घायकुतीला येऊन शेवटी आमच्याच गल्लीतलं कॉलेज वाचलं, तर त्यानं डोळे मिटले. मंगल आणि ऋतुजा पायरीवर सावलीला बसून फार शांतपणे बघत होत्या. तास झाला. नदीवरून येणारा वारासुद्धा थांबला, यादीचा कागद घामानं हाताला चिकटला, आणि माझ्यातलं काहीतरी सुटलं.

"आबा," मी म्हणालो, "टक्के मी नुसते तोंडानं सांगत होतो हो. पोर नापास होऊन रडली तर मला बघवणार नव्हतं. आणि पास होऊन गेली, तर तिच्याशिवाय घर खायला उठेल, तेही सोसणार नव्हतं. मी घाबरट आहे, आबा. बाकी काही नाही. आजपासून कोणाच्या पोराचे टक्के काढणार नाही."

तो उतरला. आणि तो एकटा नव्हता. कुठून आले देव जाणे, पण अंधारून येईल एवढे कावळे उतरले! मी डोकं धरून खाली बसलो. भात गेला, पत्रावळ गेली, माझी यादीही गेली. मग घाट एकदम रिकामा. पाण्यावर एक पीस तेवढं वाहत होतं.

परत येताना गाडी मीच चालवत होतो. बिडकीन मागं पडल्यावर ऋतुजा पुढं वाकली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबा, रागावू नका. काल दुपारी मेल आला. त्यांनी मला घेतलंय."

मी गाडी बाजूला लावली. "काल? अगं, मग काल का नाही सांगितलंस?"

"काल सांगितलं असतं तर तुम्ही लगेच माझ्या व्हिसाचे टक्के काढले असते."

मंगल खिडकीबाहेर बघायला लागली, म्हणजे तिलाही ठाऊक होतं. म्हणजे मी घाटावर विद्यापीठं वाचत उभा होतो, तेव्हा आबांची इच्छा आदल्या दिवशीच पुरी झालेली होती! मग तो तासभर कशासाठी बसून राहिला होता, हे समजायला मला एकही तक्ता लागला नाही. मी मागं वळलो, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

"नाही गं बाळा," मी म्हणालो, "आता कशाला काढतोय मी टक्के?"

(एकाहत्तर.)