गप्प गाडी आणि दस्ती

दस्ती हा शब्द मला नांदेडला आल्यावर कळला. आमच्या चंदगडकडे रुमालाला रुमालच म्हणतात. इथं आलो त्याच आठवड्यात नांदेडच्या स्टँडवर एका म्हातारीनं माझ्या हातात एक फडकं दिलं आणि एसटीच्या खिडकीकडे बोट करून म्हणाली, "दादा, एवढी दस्ती टाक की रे." मला वाटलं, माझा घाम बघून तिला दया आली. मी त्या फडक्यानं चांगलं तोंड पुसलं, मान पुसली आणि घडी घालून परत दिलं. मागची सगळी रांग हसली. "आगं बाई, कुठल्या मुलखातला हाय हा," म्हातारी म्हणाली. मग एकानं समजावलं. खिडकीतून दस्ती आत सीटवर टाकली की ती सीट तुझी. मागाहून कुणीही चढो, कितीही गर्दी होवो, दुसऱ्याच्या दस्तीवर इथं कुणी बसत नाही.

ही गोष्ट मी आधी सांगतो, कारण पुढे जे झालं ते त्या दस्तीनंच झालं.

मी सहावीत शाळा सोडली. ट्रकवर क्लीनर झालो, पुढे ड्रायव्हर झालो, मालकानं एक दिवस ट्रक नांदेडात विकून टाकला आणि मी इथंच राहिलो. गाव लांब, तिथं वाट बघणारंही कुणी उरलं नव्हतं. अशा वेळी बाईंनी मला कामावर घेतलं. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, वयानं माझ्या आईएवढ्या, नवरा वारलेला, मुलगा पुण्याला. घरामागची एक खोली त्यांनी मला राहायला दिली. पहिल्या दिवशी "जेवलास का लेकरा?" एवढं विचारलं, तेवढ्यावर मी अजून जगतो आहे असं म्हटलं तरी चालेल.

बाईंनी गाडी घेतली ती बॅटरीवरची. मुलगा नको म्हणत होता. बाई म्हणाल्या, "आयुष्यभर वर्गात कलकलाट ऐकला. आता मला गप्प गाडी पाहिजे." तेव्हापासून तिचं नाव गप्प गाडी.

माझा स्वभाव मुळात घाबरट. डिझेलच्या गाडीत काटा असतो, खाली आला तरी डबा घेऊन कुठंतरी जाता येतं. या गाडीत समोर टक्के दिसायचे. आणि मी शाळा सोडली ती शेकडेवारीचा धडा यायच्या आधी. बाईंनी मला स्वयंपाकघरात बसवून शेंगदाणे मांडून टक्के शिकवले. शिकलो, आणि झोप उडाली. गाडी चालवताना रस्त्याकडे एक डोळा आणि टक्क्यांकडे एक, असं माझं सुरू झालं.

गाडी घेतली ती लातूरसाठी. बाईंची थोरली बहीण लातूरला असते. अंथरुणाला खिळलेली, डोळ्यांनी दिसत नाही, बोलणं अर्धं समजतं अर्धं नाही. बाई दर पंधरा दिवसांनी तिच्याकडे जायच्या, तिचे केस विंचरायच्या, भाकरी कुस्करून भरवायच्या. गल्लीत आमची गाडी थांबली की इंजिनाचा आवाज नसायचा, फक्त दार लागल्याचा यायचा. तेवढ्यावरून ती आतून ओरडायची, "माझी धाकटी आली गं!" बाकी दिवसभर ती कुणाला ओळखत नव्हती.

मुलानं एकच अट घातली होती. "आई, एकदा जरी रस्त्यात अडकलीस, तर गाडी विकायची आणि तू पुण्याला यायचं. मग मला कारणं सांगायची नाहीत." बाई हो म्हणाल्या होत्या. म्हणजे बाईंचं नांदेड, लातूरची बहीण आणि माझी खोली, हे सगळं त्या टक्क्यांवर उभं होतं. मला कशी झोप लागणार?

जाऊन यायला एकदा चार्जिंग लागायचंच. लातूरला बहिणीच्या घरी प्लग होता, पण बाई मागत नसत. "पाव्हण्यानं चहा मागावा, पाणी मागावं. करंट कसा मागायचा?" एकदा मीच बहिणीच्या सुनेला विचारलं, तर ती हसून म्हणाली, "लावा की, पण आमचं मीटर पळतंय हो दादा." परत विचारलं नाही. गावातलं चार्जिंगचं एक मशीन गाड्यांच्या शोरूममध्ये होतं, तिथला वॉचमन दुसऱ्या कंपनीची गाडी दिसली की लांबूनच हात हलवायचा. राहिलं ते चाकूर ओलांडल्यावर एका हॉटेलाच्या बाजूचं मशीन. परतताना आम्ही तिथं थांबायचो.

त्या मशीनवर पत्र्याचं शेड होतं. त्या सगळ्या माळावर तेवढीच सावली. त्यामुळे बॅटरीच्या गाड्या सोडून तिथं सगळं उभं असायचं. मोटारसायकली, दुधाचे कॅन, एकदा तर कुणाची शेळी मशीनलाच बांधलेली. 'फक्त इलेक्ट्रिक वाहनांसाठी' असा हिरवा बोर्ड होता. मी एका मोठ्या डिझेलच्या गाडीवाल्याला हात जोडून तो दाखवला, तर तो बडीशेप चघळत म्हणाला, "बोर्ड तुमचा असंल. सावली बी तुमचीच का?"

बाहेरच्या बाकांवर बसलेल्यांना तर आम्ही म्हणजे करमणूक.

"ड्रायव्हर, हिला सेल किती लागतेत?"

"पावसात करंट मारती का ओ?"

"आमच्या घरात लाईट न्हाई अन् ह्यांच्या गाडीला लाईट. लई मोठी माणसं."

मी हसायचो. परक्या मुलखात हसलेलं बरं असतं. बाई मात्र खिडकी खाली करून सांगायच्या, "बसता का, एक चक्कर मारून आणते." मग ते आपापल्या चहाकडे वळायचे.

हॉटेलात एक वयस्क वेटर होते, चाकूरचेच, सगळे त्यांना मामा म्हणत. एके दिवशी मी शेडमधली गाडी हलायची वाट बघत घामानं निथळत उभा होतो. मामा पाणी घेऊन आले. म्हणाले, "बोर्ड कोण वाचून राहिलंय इथं? दस्ती टाका."

"कुठं टाकू?"

"त्या मशीनच्या पाईपाला बांधा. निघताना मला फोन करा, मी बांधून ठेवतो."

बाईंनी आपली निळ्या काठाची जुनी दस्ती दिली. आणि खरंच सांगतो, पुढच्या खेपेला शेड रिकामं. उन्हात चार गाड्या तापत उभ्या, पण सावलीत कुणी नाही. तो बडीशेपवालाही बाहेर उभा. "कुणाची तरी दस्ती हाय," असं तो दुसऱ्याला सांगत होता. बाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "बघ लेकरा, माणसं वाईट नसतात. त्यांच्या भाषेत सांगावं लागतं." तो दिवस माझ्या इथल्या आयुष्यातला चांगला दिवस. मला वाटलं, आता आपलं बस्तान बसलं.

आमचं बघून रस्त्यावरच्या बाकी बॅटरीवाल्यांनीही दस्त्या द्यायला सुरुवात केली. मामांच्या खिशात चार रंगांच्या दस्त्या असायच्या. कुणाला ते वाईट वाटलं नाही. मलाही नाही.

मग वैशाखातला तो दिवस आला. लग्नसराई दाट. मामा भाचीच्या लग्नाला गेले होते, त्यामुळे माझा फोन कुणी उचलला नाही. लातूरहून निघालो, ऊन असं की एसी बंद करवत नव्हता, आणि टक्के पाण्यासारखे खाली जात होते. हॉटेलाशी पोचलो तेव्हा अकरा उरले होते. शेड बघून माझा जीव भांड्यात पडला. सगळं रिकामं होतं. मशीनवर हिरवा दिवा लागलेला.

आणि पाईपाला एक लाल दस्ती बांधलेली.

मी हॉटेलाच्या मालकाला विचारलं. गल्ल्यावरून त्यांनी सांगितलं, "डॉक्टरांची हाय. निघालेत म्हणून फोन आला होता, मामा दस्त्या ठेवून गेलेत त्यातली मीच बांधली. येतेतच."

"ते येईपर्यंत लावतो. आले की लगेच काढतो."

मी दस्तीच्या गाठीला हात घातला, तसा बाकावरून आवाज आला, "ओ! दस्ती हाय तिथं! डोळे न्हाईत का?"

"ह्यांनीच रीत पाडली अन् हेच मोडून राहिले बघा."

ज्यांनी बोर्ड कधी वाचला नाही तेच हे लोक. मी बाईंकडे पाहिलं. वाटलं, आत्ता त्या काही बोलतील. त्यांनी दार उघडून पाय बाहेर ठेवला, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "राहू दे लेकरा. आपली असती आणि कुणी सोडली असती तर?"

"बाई, अकरा टक्के आहेत."

"मला वाचता येतं."

आम्ही बसलो. चहा झाला. मालकानं डॉक्टरांना फोन लावला, "हे काय, आलोच." परत लावला, तेच. ऊन शेडच्या एका बाजूनं आत सरकलं. हिरवा दिवा तसाच लागलेला, करंट तिथंच, गाडी तिथंच, आणि मधे एक वीतभर कापड. मला इतका राग कधी आला नाही, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. डॉक्टर तर खोटं बोलत नसेल. दस्ती बांधणाऱ्याचंही काही चुकलं नव्हतं.

मग कुठंतरी फट्ट असा आवाज झाला आणि हॉटेलातले पंखे थांबले. मशीनचा दिवा गेला. मालक बाहेर येऊन खांबाकडे बघत म्हणाले, "डीपी उडाला. आता आज लाईट येत न्हाई." त्याच वेळी डॉक्टरांचाही फोन आला. ते उदगीरच्या रस्त्यानं गेले होते. दस्ती ठेवून द्या म्हणाले.

बाई उठल्या. "अहमदपूरला माझी एक विद्यार्थिनी आहे. तिच्याकडे जाऊ. आज मागते करंट." हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

एसी बंद केला, काचा खाली केल्या, हळूहळू निघालो. गरम वारा तोंडावर येत होता. उतार आला की मी मनातल्या मनात त्याचे आभार मानायचो. पण अहमदपूर दिसायच्या आधीच गाडी थांबली. आवाज न करताच थांबली, म्हणून थांबली हे कळायलाही वेळ लागला.

मागून लग्नाच्या मांडवाचं सामान घेऊन एक ट्रॅक्टर आला. पोरं भली होती. दोर लावला, "काळजी करू नका आज्जी" म्हणाली. मी म्हटलं, "हळू घ्या, ही गाडी ओढायची नसते." ट्रॉलीत खांब, गाद्या आणि एक भोंगा. मागे दोराला आमची गाडी, मागच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन ताठ बसलेल्या बाई. अहमदपुरात शिरताना कुणीतरी भोंगा सुरू केला. लोक दुकानातून बाहेर आले. "बॅटरीची वरात आली, बॅटरीची वरात!" एकानं चालत चालत मोबाईल खिडकीत घातला, "आज्जी, कसं वाटून राहिलंय?"

बाई म्हणाल्या, "माझी गाडी गप्प हाय बाबा, तुझ्यासारखी बडबड करत न्हाई."

ते चांगलं उत्तर होतं. पण व्हिडिओत ते कापलेलं होतं. प्रश्न होता, बाईंचा चेहरा होता, आणि मग नुसतं हसणं. तो पुण्याला पोचला, आम्ही त्या विद्यार्थिनीकडे करंट घेऊन नांदेडला पोचायच्या आधी.

मुलगा आला तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. मला म्हणाला, "तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही आईला खूप सांभाळलंत." त्यानं मला पुढच्या महिन्याचा पगारही दिला. बाईंनी त्याच्याकडे एकच मागितलं, जायच्या आधी एकदा लातूर. तो त्याच्या डिझेलच्या गाडीतून घेऊन गेला, मी शेजारी बसलो रस्ता दाखवायला. गल्लीत गाडी घरघरत थांबली. दार लागलं. आम्ही तिघंही थोडा वेळ उभे राहिलो. आतून कुणी हाक मारली नाही. बाईंनी जाऊन हात धरला तरी बहीण विचारत होती, "कोण आलंय गं? कोण हाय?"

बाई आता पुण्याला असतात. बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये चार्जिंगची परवानगी मिळाली नाही, असं फोनवर एकदा सांगत होत्या. गाडी तर नाहीच, मग विचारलं कशाला, असं मी म्हटलं नाही.

मी अर्धापूरहून केळी वाहतो. पिकअप दुसऱ्याचा आहे, पण काम दिलं याबद्दल मी त्या माणसाचा ऋणी आहे. परवा लातूरला जाताना त्या हॉटेलाशी थांबलो. मामा आता नाहीत. घडांवर ऊन येत होतं. बाकावरचा एक जण म्हणाला, "लाव की सावलीला. तिथं कोण येतंय?" मी केळीकडे पाहिलं आणि गाडी शेडमध्ये घातली.

चहा अर्धा झाला नव्हता तोच एक पांढरी बॅटरीची गाडी आली. तरुण माणूस, शेजारी बायको, मागे झोपलेलं लेकरू. तो माझ्याजवळ येऊन हात जोडून म्हणाला, "दादा, जरा गाडी घेता का बाहेर?" मी इतका घाईनं उठलो की चहा सांडला. पिकअप बाहेर काढला. त्यानं मशीनचा पाईप गाडीला लावला. काही पेटलं नाही. परत लावला.

"लई दिस झाले, मशीन बंद हाय," मालक गल्ल्यावरून म्हणाले.

"पुढं कुठं आहे?" त्यानं मला विचारलं.

"लातूरला. पण तो वॉचमन…" मी थांबलो. "किती टक्के आहेत?"

त्यानं सांगितलं. मी मनात शेंगदाणे मांडले. बाकावर एकानं मोबाईल वर धरला होता.

"एसी बंद ठेवा," मी म्हटलं, "आणि काचा खाली करा."

बायकोनं लेकराच्या तोंडावर ओढणी धरली. काचा एकेक करून खाली गेल्या.