टाचण्यांत अडकलेला नकार

एल्वियो स्कार्पाती लिफ्टदुरुस्ती करायचा. निम्मं ब्यूनोस आयर्स त्यानं वर चढवलं असेल, पण स्वतः मात्र आल्माग्रो वस्तीतल्या जन्मघरातून तसूभर हलला नाही. त्याची आई इर्मा शिवणकाम करायची. तोंडात टाचण्या धरून ती मशीनवर एकच बोलेरो, एक संथ विरहगीत, गुणगुणायची आणि तो सहा वर्षांचा असताना एक दिवस बॅग उचलून चालती झाली. पोराच्या कानात तिच्या गाण्याची एकच ओळ राहिली, ‘वाट बघ माझी’. मग घर सोडायचं कसं? ती आली आणि दार दुसऱ्याच कुणी उघडलं तर?

बेकरीतली नेली सतरा वर्षं त्याच्यासाठी थांबली होती. लग्न करून दुसरीकडे बिऱ्हाड थाटू, एवढंच तिचं म्हणणं. तिनंच त्याला मनोविश्लेषणाला धाडलं. त्यात नवल काही नाही, आमच्या शहरात दात दुखला तरी माणूस आधी मन दाखवून येतो.

"अकरा वर्षं त्या कोचावर लोळतोयस," ती म्हणायची, "झोप तरी पुरी झाली का रे?"

पुढच्या मंगळवारी तो पुन्हा जायचा.

आतलं बोलणं बाहेर ऐकू येऊ नये म्हणून डॉक्टर गोरेनस्टाइनबाईंच्या बाहेरच्या खोलीत रेडिओ लावलेला असे. एका मंगळवारी त्यावर नेमका तोच बोलेरो लागला. एरवी पहिल्या सुरालाच एल्वियो उठून बाहेर पडायचा. पण आज पुढचा नंबर त्याचाच होता. गायकाच्या तोंडात टाचण्या नव्हत्या. शब्द लख्ख आला, ‘वाट बघू नकोस माझी’.

एल्वियो तिथेच ढसाढसा रडला. आत गेल्यावर त्यानं सगळं सांगून टाकलं.

"टाचण्यांत अडकला हो तो शब्द, डॉक्टर."

"की तुम्हीच अडवलात?" बाई म्हणाल्या. मग वही मिटत म्हणाल्या, "आज इथेच थांबू."

तो तडक बेकरीत गेला. नेली काउंटर पुसत होती.

"नेली, घर सोडतो. उद्याच! आई येणार नव्हतीच गं, तिनं सांगितलं होतं, मलाच ऐकू आलं नाही." धापा टाकत त्यानं गाण्याची सगळी हकीकत सांगितली.

नेलीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तिचे डोळे भरले, पण आवाज कोरडाच राहिला.

"मी शनिवारी रोसारियोला चाललेय, बहिणीकडे. कायमची."

"पण आता तर मी मोकळा झालो!"

"बावन्न वर्षांची झाले मी, एल्वियो." तिनं फडकं पिळलं. "तुझ्या आईनं निदान सांगितलं तरी होतं, वाट बघू नकोस म्हणून. तू मला तेवढंही सांगितलं नाहीस."