ताईची एकवीस भावंडं

हॉस्पिटलच्या तळघरात कपडे धुण्याचा विभाग होता आणि तिथे ताईला सगळे ‘बँक’ म्हणायचे. तोंडावर ताई, पाठीमागे बँक. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडायचंही. चौदा वर्षं तिने परक्या देशात चादरी धुतल्या, वाळवल्या, त्यांच्या घड्या घातल्या. त्यांवर कोण निजलं, कोण बरं होऊन घरी गेलं, याचा तिला कधी पत्ता लागला नाही. पण महिन्यातून एकदा, पगाराच्या शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीत घड्यांच्या लांब टेबलापाशी तिच्यासमोर रांग लागायची, आणि तेवढा अर्धा तास तिचा रुबाब बघण्यासारखा असायचा.

रांग होती घरी पैसे पाठवायची. पूर्वी त्यासाठी कोपऱ्यावरच्या खिडकीत जावं लागायचं. तिथला माणूस दरवेळी तोच फॉर्म भरायला लावायचा आणि सुटे पैसे देताना सुस्कारे टाकायचा. मग मोबाईलमधलं पाकीट आलं. ताईने ते अ‍ॅप एका रविवारी बसून, दोनदा रडकुंडीला येऊन, शिकून घेतलं. बाकीच्यांनी लांबूनच हात जोडले. एक बटण चुकलं की महिन्याचा पगार खड्ड्यात, म्हणाले, त्यापेक्षा ताई, तुम्हीच पाठवा ना आमचे. ताई कशाला नाही म्हणतेय? नस्ती उठाठेव अंगावर घ्यायची तिला पहिल्यापासून खोड. वर्षभरात कोपऱ्यावरची खिडकी बंद पडली आणि तिथे मोबाईलची कव्हरं विकणारा येऊन बसला.

आता अ‍ॅपची एक गंमत होती. ज्याला पैसे पाठवायचे त्याचं नाव आणि नंबर टाकला की ते विचारायचं, तुमचं यांच्याशी नातं काय? खाली यादी : आई-वडील, पती-पत्नी, मूल, भाऊ-बहीण, आणि अगदी तळाशी इतर. पहिल्यांदा लिफ्टवाल्याच्या बायकोला पैसे पाठवताना ताईने इमानदारीत ‘इतर’ दाबलं. अ‍ॅपने लगेच वर तोंड करून विचारलं, इतर म्हणजे कोण, पैसे कशासाठी, कागद जोडा. मागे आठ माणसं ताटकळलेली, सुट्टीची बारा मिनिटं उरलेली. ताईने मागे जाऊन ‘भाऊ-बहीण’ दाबलं. पैसे सुर्रकन गेले.

झालं, तेव्हापासून तोच रस्ता. दोन वर्षांत ताईच्या अ‍ॅपात एकवीस भावंडं जमली. लिफ्टवाला तर भलताच खूश. माझी बायको तुमची बहीण म्हणजे मी तुमचा मेव्हणा, जरा मान देत जा, असं तो येता-जाता ऐकवायचा. ताई म्हणायची, मेव्हण्यांनी आधी चहा पाजावा, मग मानाचं बघू. आता कुणी शहाणा म्हणेल, खोटं ते खोटंच. म्हणू दे की. पैसे ज्याचे त्याच्या घरी पोचत होते, ताईच्या हाताला एक छदामही चिकटत नव्हता.

त्या एकवीस जणांत खरी बहीण एकच होती. धाकटी.

धाकटी ताईपेक्षा नऊ वर्षांनी लहान. दोघींची आई एक, वडील वेगळे. ताईचे वडील ती पाच वर्षांची असताना गेले, आईने पुन्हा लग्न केलं आणि मग ही झाली. आई दिवसभर कामावर, त्यामुळे धाकटी वाढली ती ताईच्या कडेवर. सावत्र हा शब्द त्या घरात कुणी उच्चारला नाही. आता आईही नव्हती. धाकटी तिकडे शिवणकाम करून पोट भरत होती. उजवा डोळा तिचा जन्मापासून अधू, त्यातून माणसं नुसती सावल्यांसारखी दिसायची. सुई, दोरा, टीप, काजं, सगळं एका डाव्या डोळ्याच्या जिवावर.

गुरुवारी सकाळी तिचा फोन आला. डाव्या डोळ्यात कोपऱ्यातून काळा पडदा सरकत येतोय, म्हणाली. डॉक्टरांनी बघून सांगितलं होतं, आतला पडदा सुटत चाललाय, ऑपरेशन करावं लागेल, आणि ते लवकर. अंधार मध्यभागी पोचायच्या आत झालं तर नजर वाचेल, पोचला तर कुणाच्या हातात काही नाही. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघत राहा म्हणाले. तिने उजवा डोळा झाकून पाहिलं, तर नऊचा आकडा गेला होता. बाकी घड्याळ शाबूत. मधे जिथे काटे बसवलेत तो खिळा दिसतोय तोवर आशा आहे. पण हॉस्पिटलवाले आधी पैसे भरा म्हणतात. ती म्हणाली, शिलाई मशीनला गिऱ्हाईक आहे, गल्लीतलीच बाई आहे, संध्याकाळी पैसे घेऊन येते म्हणतेय.

“खबरदार मशीन विकलंस तर,” ताई म्हणाली. “मी मेलेय का? एका मिनिटात पाठवते. उद्या टेबलावर झोपायचं.”

पैसे होते हो! तीन वर्षांची शिल्लक त्या मोबाईलच्या पाकिटातच होती. ताईने ओले हात एप्रनला पुसले, धाकटीचं नाव शोधलं, रक्कम टाकली आणि बटण दाबलं. अ‍ॅपने थोडा विचार केला आणि लिहिलं : आपलं खातं तपासणीसाठी थांबवण्यात आलं आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभार.

ताईला वाटलं, रेंज गेली. ती जिना चढून वर अंगणात जाऊन आली. आभार होतेच.

संध्याकाळपर्यंत कळलं ते असं, की एका बाईला एकवीस भावंडं आणि तीही निरनिराळ्या गावांत, निरनिराळ्या आडनावांची, हे पाकीटवाल्या कंपनीत कुणाच्या तरी नजरेत भरलं होतं. प्रत्येकाच्या नात्याचा पुरावा मागितला होता. बाकीच्यांचं ठीक, ते पुरावे देव आला तरी मिळणार नव्हते. पण खरीचा पुरावा तरी कुठून आणायचा? ताईच्या इथल्या ओळखपत्रावर तिच्या वडिलांचं नाव, धाकटीच्या शाळेच्या दाखल्यावर तिच्या वडिलांचं. आईचं नाव दोन्हीकडे कुठेच नाही. जिने दोघींना जन्म दिला ती कागदावर नव्हतीच. ताईने दोन्ही कागदांचे फोटो पाठवले आणि पाठवतानाच तिला कळलं, की आपण आपल्याच विरुद्ध पुरावा देतोय.

रात्रीतून आठ आणि दहा गेले.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत अखेर अ‍ॅपच्या ऑफिसातला एक माणूस फोनवर सापडला. आवाज तरुण होता, वागणं अतिशय नम्र. ताईने सगळं सांगितलं. डोळ्याचं सांगितलं, घड्याळाचं सांगितलं. तो मधूनमधून ‘समजू शकतो’ म्हणत होता. शेवटी म्हणाला, “मॅडम, यादीत एकवीस भावंडं आहेत. सगळी तुमचीच आहेत का?”

हो म्हणावं, तर एकवीस पुरावे. नाही म्हणावं, तर स्वतःच्या तोंडाने खोटेपणा कबूल. समोर चष्मेवाली उभी होती. ताईची घड्यांची जोडीदारीण, चौदा वर्षं चादरीची दुसरी दोन टोकं धरणारी. तिने मान हलवली, सांगून टाक. ताईला वाटलं, खरं बोललं तर माणूस माणसाला समजून घेतो.

“एकच माझी आहे,” ती म्हणाली. “बाकीची इथल्या लोकांच्या घरची. त्यांचं नातं मी खोटं लिहिलं.”

“म्हणजे माहिती खोटी दिली होती, असं नोंदवू?”

“नोंदवा. पण ही एक खरी आहे, तेही नोंदवा.”

“त्याला इथे रकाना नाही, मॅडम.”

सुट्टी संपायच्या आत निरोप आला. चुकीची माहिती दिल्याचं ग्राहकाने मान्य केल्यामुळे खातं कायमचं बंद. शिल्लक रक्कम कामकाजाच्या तीस दिवसांत परत मिळेल. ताई वाचून झाल्यावर चष्मेवालीला म्हणाली, बघ, बोलले खरं. आणि खाली बसली.

त्या दिवशी पगार होता आणि सवयीने रांग लागलीच होती. रांगेला सगळं कळलं. स्वतःच्या पैशांचं कुणी विचारलं नाही. लिफ्टवाल्याने आपला फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाला, माझ्या नावावर खातं उघडा, माझा पगार घाला आणि धाकटीला पाठवा. मागोमाग बाकीच्यांनीही फोन काढले. ज्यांना बटणाची भीती वाटायची तीच ही माणसं. बँकेत चौकशी केली तर तिथे पाच दिवसांची बात, आणि धाकटीचं बँकेत खातंच नव्हतं. कोपऱ्यावरची खिडकी असती तर आजच्या आज पैसे गेले असते. ती खिडकी आपणच बंद पाडली, हेही ताईच्या मनात येऊन गेलं.

नऊ जणांनी खाती उघडली. नातं काय, हा प्रश्न आला तेव्हा लिफ्टवाला थांबला. खरं तर मेव्हणी लागते, म्हणाला, पण मेव्हणीचं बटणच ठेवलेलं नाही. आणि त्याने ‘भाऊ-बहीण’ दाबलं. एरवी सगळे हसले असते.

नवीन खात्याला ओळख पटवायला दोन दिवस लागतात. कामकाजाचे दोन दिवस. आणि शनिवार-रविवार अ‍ॅपसुद्धा सुट्टीवर असतं, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

शनिवारी सात आणि अकरा गेले. ताई दर दोन तासांनी फोन करायची आणि एकच विचारायची, खिळा दिसतोय ना? दिसतोय गं, असं धाकटी म्हणायची. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ती एका कुशीवर निश्चल पडून होती. मशीनचं काय, असं ताईने घाबरत घाबरत विचारलं. ती बाई दुसरीकडून मशीन घेऊन मोकळी झाली होती. धाकटीने यावर एका शब्दाने बोल लावला नाही, आणि ते ताईला जास्त झोंबलं. गुरुवारी मी तोंड मिटून बसले असते तर, असं ती चष्मेवालीला म्हणाली. रविवारी बारा आणि सहा गेले. अर्धं घड्याळ गेलं.

सोमवारी दुपारी ताई आणि चष्मेवाली चादरी घडी करत होत्या. दोन टोकं हिच्याकडे, दोन तिच्याकडे, एक झटका द्यायचा आणि एकमेकींकडे चालत यायचं. फोन टेबलावर वाजला. धाकटी म्हणाली, काटे वाकडे दिसतायत. तासाभराने पुन्हा फोन आला.

“ताई, खिळा गेला.”

इकडे नऊपैकी पाच जणांची ओळख पटली मंगळवारी सकाळी. चौघांचे फोटो अ‍ॅपला पसंत पडले नाहीत. नवीन खात्याला मोठी रक्कम पाठवता येत नाही, पण पाच जणांचं मिळून जेमतेम हॉस्पिटलचं भागलं. पैसे एका मिनिटात पोचले. अ‍ॅपने पाचही जणांचं अभिनंदन केलं.

बुधवारी ऑपरेशन झालं. दोन आठवड्यांनी धाकटीने व्हिडिओ कॉल लावला. ताईला बघितल्याबरोबर कळलं, कारण धाकटीचा चेहरा फोनकडे नव्हता, फोनच्या जरा बाजूला, भिंतीकडे होता. पडदा जागेवर बसलाय, पण नजर आली नाही, असं ती म्हणाली. उजेड कळतो. खिडकी कुठे आहे ते कळतं. बाकी उजव्या डोळ्याच्या सावल्या आहेतच. ताई रडायला लागली. मशीन विकू द्यायला हवं होतं, माझंच चुकलं, हे ती तीनतीनदा म्हणाली. धाकटीने तिला रडू दिलं.

मग विचारलं, “ते पाच जण कोण गं? पैसे पाठवणारे?”

ताईने सांगितलं. लिफ्टवाला, चष्मेवाली, सुकवणीचे दोघे, टाकीवरचा.

“त्यांना सांग, मला दिसतंय म्हणून,” धाकटी म्हणाली. “उगाच चुटपुट नको त्यांना. पगार दिला त्यांनी.”

दुसऱ्या दिवशी ताई कामावर आली. लिफ्टवाला तिची वाटच बघत होता. लिफ्टचं दार पायाने अडवून त्याने विचारलं, ताई, काय झालं मग, खिळा दिसतो का?

“दिसतो,” ताई म्हणाली. “काटेसुद्धा दिसतात.”

त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. सगळ्यांना सांगतो, म्हणाला.

“सांगा,” ताई म्हणाली, आणि चादरीची आपली दोन टोकं उचलायला आत गेली.