रचून ठेवलेली लाकडं

बुआखामच्या खांबांवर उभारलेल्या घराखाली, खांबांच्या मधल्या जागेत, लाकडं रचून ठेवली होती. लेकीचे दिवस भरत आले तशी जावयानं ती रानातून तोडून आणली होती. ठिणग्या न उडवता संथ जळणारी. बाळंतिणीच्या खाटेखालच्या विस्तवाला असलंच लाकूड लागतं. आता मूल गावाबाहेर पुरून झालं होतं, आणि जावई, सोमफेत, ती लाकडं चुलीकडे हलवत होता.

"राहू दे तिथंच," बुआखाम म्हणाली.

"कशाला, आई? मूलच नाही."

हेच शब्द बुआखामनं तरुणपणी आपल्या आईच्या तोंडून ऐकले होते. बुआखामची पहिली मुलगी मेलेलीच जन्मली. आईला वाटलं, पोरीनं एवढं सोसलं, तिला आणखी कशाला भाजायचं? मायेपोटीच तिनं विस्तव घातला नाही. पण बाळंतिणीचा धूर दिसला की गावातल्या बायका न बोलावता येतात, लाकूड सारतात, पाला उकळून कढत पाणी पाजतात, आपापल्या भाजल्याच्या गोष्टी सांगतात. धूर नसलेल्या घरी काय निमित्त काढून जायचं, हे कुणालाच सुचत नाही. तसं कुणी आलंच नाही. बुआखाम भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पुढे ही लेक, मालायथोंग, झाली तेव्हा विस्तव पेटला, बायका जमल्या, हसल्या. पण पहिलीचं कुणी काढलं नाही, आणि ते आपण होऊन काढायचं धैर्य तिला कधी झालं नाही. तेव्हापासून ती कामापुरतं बोलायची. लोक म्हणायचे, बुआखामचा स्वभावच तसा.

आता मालायथोंग त्याच भिंतीकडे तोंड करून पडली होती. रडली नव्हती. भाताचा घास पुढे केला तर खायची, तेवढंच. विस्तवाचं काढलं तेव्हा म्हणाली, दवाखान्यातल्या बाईंनी गरज नाही सांगितलंय, आणि मला कुणी यायला नकोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुआखामनं कुणाला न विचारता बांबूची खाट मांडली आणि खाली विस्तव घातला.

धूर छपरातून बाहेर पडला तशा बायका जिना चढून आल्या. सगळ्यांत पुढे शेजारची म्हातारी खेन. रिकामी खाट बघून सगळ्या दारातच थबकल्या. कोपऱ्यातली मालायथोंग वळलीसुद्धा नाही.

"खाट कुणासाठी तापवलीस गं?" खेननं विचारलं. "मांजरीसाठी?"

एक-दोघी हसल्या आणि जिन्याकडे वळल्या. बुआखामला वाटलं, आता या जातील, आणि पोरीचा जन्म त्या भिंतीकडे बघण्यात जाईल.

"माझ्यासाठी," ती म्हणाली. "माझी पहिली गेली तेव्हा विस्तव घातला नव्हता."

खेन सावकाश खाली बसली. एक लाकूड उचलून तिनं आत सारलं.

"तेव्हा मी वाटेवरूनच परत गेले होते," ती म्हणाली. "धूर दिसला नाही म्हणून. बाकी राहिलंय तुझं. चढ वर."

बुआखाम चढली. म्हाताऱ्या पाठीला बांबूतून धग लागली. ती कण्हली. मग बायका सरसावून बसल्या. एकीनं उकळत्या पाल्याचा पेला आणला. दुसरी म्हणाली, उजव्या कुशीवर हो, डावीकडे आच जास्त आहे. खेननं आपल्या गेलेल्या मुलाचं सांगितलं, त्याच्या अंगठ्याचं नख कसं होतं तेसुद्धा. बुआखाम रडत होती, आणि धग लागली म्हणूनच रडते आहे असं म्हणायची सोय होती.

"मुलगी होती?" मागून आवाज आला.

मालायथोंग उठून बसली होती.

"हो."

"मला कधी बोलली नाहीस."

मालायथोंग उठली, भिंतीला धरून खाटेपाशी आली आणि धुरात डोळे बारीक करून उभी राहिली.

"सरक जरा," ती म्हणाली.

खाट अरुंद होती. दोघी पाठीला पाठ लावून निजल्या. थोड्या वेळानं लेकीची पाठ हलायला लागली. मग ती मोठ्यानं ओरडली, भाजतंय म्हणून, आणि तशीच ओरडत राहिली. ऊठ म्हणून कुणी तिला सांगितलं नाही. खेननं विस्तवावर राख पसरली, आच जरा कमी केली.

खाली सोमफेत चुलीकडे नेलेली लाकडं पुन्हा खांबांमध्ये रचत होता. त्यांचा आवाज वर ऐकू येत होता.