झेन्झीचं स्टिअरिंग

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याइतका कटकट्या माणूस आमच्या अख्ख्या खोऱ्यात शोधून सापडायचा नाही. बर्टल त्याचं नाव. उभी हयात ग्रात्स शहरातल्या मोटारींच्या कारखान्यात गेली त्याची, चारही चाकांना ओढ देणाऱ्या व्हॅन जोडण्यात. तिथं त्यांच्या खात्याची एक रीत होती. हवेच्या नळ्या जोडून झाल्या की पंपानं आतली हवा ओढून घ्यायची, मापकाची सुई वर चढवायची आणि गाडी रात्रभर तशीच सोडायची. सकाळी सुई जराशी जरी खाली आलेली दिसली, म्हणजे कुठून तरी हवा आत शिरली, की गाडी फाटकाबाहेर जायची नाही. कारखाना सुटला, पेन्शन लागली, पण ही रीत काही सुटली नाही. माझ्या जर्दाळूच्या जॅमच्या बरण्यासुद्धा तो रात्रभर उलट्या ठेवून तपासायचा.

"अरे मेल्या, जॅम आहे तो, विमान नाही!" मी ओरडायची.

"असू दे गं बुर्गी," माझी बहीण झेन्झी हसायची. "नवरा कटकट्या असला की गाडी घाटात बंद पडत नाही."

झेन्झी दर उन्हाळ्यात आमच्या गाई घेऊन वरच्या कुरणावर राहायची. गाई माझ्या नावावर, पण जीव तिचा. दूध खाली आणायचं, पीठमीठ वर न्यायचं, सगळं बर्टलच्या जुन्या व्हॅनमधून. त्या गाडीत एक खोड होती. पुढची आणि मागची चाकं एकमेकांना घट्ट बांधल्यासारखी झाली होती, त्यामुळे आखूड वळणावर स्टिअरिंग दगड व्हायचं. आणि वरच्या रस्त्यावर वळणांशिवाय आहे काय? पण झेन्झीचे दंड असे, की तिनं कधी तक्रार केली नाही.

मग तिच्या हातातली ताकद जायला लागली. आधी दुधाची किटली निसटली, मग चमचा. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, या दुखण्यात गेलेली ताकद परत येत नाही. त्या वर्षी ती कुरणावर गेलीच नाही, शेजाऱ्याची मुलगी गेली. जुलैमध्ये एकदा जेवताना झेन्झी म्हणाली, "मला एकदाच वर जायचंय. गाई खाली आणायच्या आधी. पण स्वतः चालवत. बाजूच्या सीटवर बटाट्याच्या पोत्यासारखी नाही जाणार मी."

बर्टलनं सूप संपवलं आणि उठून फोन लावला.

आठवड्याभरात एक सुटा भाग आला. गाडीच्या पुढच्या अंगाला बसवायचा. आत एक दातेरी कडं असतं. स्टिअरिंगशेजारचं बटण ओढलं की इंजिनच्या हवेच्या ओढीनं ते कडं मागे सरकतं आणि पुढची चाकं मोकळी होतात. चाकं मोकळी झाली की स्टिअरिंग हलकं. बर्टल अंगणात गाडीखाली तेलात माखून पडलेला असायचा आणि झेन्झी अक्रोडाखालच्या बाकावर कागदाची फुलं करत बसायची. उन्हाळा संपताना गाई कुरणावरून उतरतात तेव्हा सगळ्यांत पुढच्या गाईच्या डोक्यावर फुलांचा मुकुट असतो, तो दरवर्षी तिच्याच हातचा. आता एका फुलाला तिला अर्धी सकाळ लागायची.

"जिवंत आहेस का रे खाली?" ती विचारायची.

"दहाचा पाना दे."

"काल दिला तोच अजून चावतोयस का?"

हसायची दोघं. त्या घरातलं ते शेवटचं हसणं, आणि मी आपली कपडे वाळत घालत होते.

काम झालं. झेन्झीनं हात पुढे केला. "आण किल्ली."

"आज रात्री हवा धरून बघतो," बर्टल म्हणाला. "उद्या."

खालच्या आळीतल्या ओटमारकडून त्यानं हवा ओढायचा हातपंप आणला होता, सुईवाला. सकाळी बघतो तर सुई खाली. त्यानं नळ्या बदलल्या. परत सुई खाली. नळ्यांचे चिमटे बदलले, सगळं सोडवून नव्यानं जोडलं. रोज सकाळी तेच.

माझं डोकं फिरलं. "कारखान्याला विकायचीय का तुला ती? इंजिन चालू असलं की हवा ओढणारच ना ते! दे की तिला किल्ली!"

"आणि वळणावर मध्येच चाकं जोडली गेली, स्टिअरिंग तिच्या हातातून हिसकलं, तर? खाली दरी आहे, बुर्गी."

झेन्झी म्हणाली, "उद्या तर उद्या." मग एका सकाळी तिनं फूल करायला कागद उचलला आणि बोटं मिटेनात. त्यानंतर तिनं किल्ली मागितली नाही. सप्टेंबर लागता लागता ती गेली.

घरात मरण झालं की त्या वर्षी आमच्या गाई बिनफुलांच्या उतरतात, गळ्यातल्या घंटाही काढतात. अर्धा झालेला तो मुकुट मी झेन्झीच्या कबरीवर ठेवला. पाद्रीबाबांनी भुवया उंचावल्या, तर म्हटलं, उंचावा.

गाई आणायला जायच्या आदल्या दिवशी ओटमार पंप न्यायला आला. केकचा तुकडा तोंडात कोंबत म्हणाला, "अरे, या पंपाचा वायसर गेलाय बरं का. गाडी ठीक असली तरी सुई आपली आपण खाली येते. तुला सांगायचं राहूनच गेलं."

बर्टलनं पंप फडक्यानं पुसला, त्याच्या हातात दिला आणि आभार मानले. मी मात्र ओटमारचा केक पुढ्यातून उचलून कोंबड्यांना घातला. गाडी पहिल्या संध्याकाळपासून ठीक होती. माझी झेन्झी किल्ली मागत बसली होती आणि गाडी ठीक होती.

दुसऱ्या दिवशी बर्टल म्हणाला, "तू चालव." स्वतः बाजूच्या सीटवर बसला. इतक्या दिवसांत ती गाडी कोणीच चालवली नव्हती. घाट लागला, मी बटण ओढलं. पहिल्या वळणावर स्टिअरिंग असं फिरलं, जसं काही लोण्यातून. दोन बोटं पुरली असती.

समोर बघतच त्यानं विचारलं, "बुर्गी, तिला जमलं असतं?"

आयुष्यात मी कोणाची भीड ठेवून खोटं बोललेली नाही, सगळं खोरं मला त्यासाठीच शिव्या देतं. पुढचं वळण आलं. मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं, खांदे वाकवले, दात आवळले आणि कष्टानं वळवल्यासारखं वळवलं.

"कसलं जमतंय," मी म्हटलं. "मलाच झेपेना. अजून जडच आहे."

बर्टल माझ्या हातांकडे बघत राहिला. गाडीचं ते काम त्यानं स्वतःच्या हातांनी केलं होतं.

"हो," तो म्हणाला. "जडच आहे."

मग वरच्या फाटकापर्यंत प्रत्येक वळण मी तसंच दोन्ही हातांनी वळवलं.