धापेशी ओळख

हृदयात काही दोष नाही हे कळलं, तेव्हा खरं सांगायचं तर मी थोडी हिरमुसलेच. दोष असता तर गोळी मिळाली असती. गोंदियाच्या त्या डॉक्टरांनी मशीनमधून निघालेली कागदाची पट्टी उजेडात धरली, खालपासून वरपर्यंत पाहिली आणि म्हणाले, "मॅडम, दिल एकदम ठीक है. बस, इसको कभी काम नहीं मिला."

मी तेव्हा चाळिशीच्या जरा अलीकडे होते. कोहमाऱ्यापासून आत, एका लहान गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. सासर त्याच गावात, शाळेच्या मागच्याच गल्लीत, त्यामुळे चालणं म्हणजे घर ते शाळा आणि शाळा ते घर. नवऱ्याचं कोहमाऱ्याच्या चौकात टायर-पंक्चरचं दुकान होतं. हायवेवरचे ट्रक थांबत, त्यामुळे ते सकाळी जात ते रात्रीच्या जेवणालाच येत. मुलगी शिकायला माझ्या माहेरी, गोंदियाला. घरात दिवसभर आम्ही दोघीच, मी आणि सासूबाई.

डॉक्टरकडे जायची वेळ आली ती शाळेच्या स्नेहसंमेलनामुळे. शेवटच्या दिवशी गावातल्या बायकांची लिंबू-चमच्याची शर्यत होती आणि मुलांनी ओरडून ओरडून बाईंनाही त्यात उभं केलं. माझ्या चमच्यातलं लिंबू शेवटपर्यंत जागेवर राहिलं. मीच अर्ध्या मैदानात खाली बसले. कानात कोणी मुसळानं कांडतंय असं वाटत होतं, डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचत होते. मुलं हसायची थांबली, तेव्हा मला जास्त भीती वाटली.

डॉक्टरांनी गोळी दिली नाही, सांगितलं तेवढं. "थोड़ा-थोड़ा दौड़िए. एक-दो मिनट तेज़, फिर धीरे, फिर तेज़. बस, दस-बारह मिनट में छुट्टी. इतना तेज़ कि बात कर सकें, लेकिन गाना न गा सकें. गा लिया तो कम है, बोल नहीं पाए तो ज़्यादा है."

बाहेर आल्यावर नवऱ्यानं आलूबोंड्याच्या गाडीवर स्कूटर थांबवली. "मले वाटलं ऑपरेशन सांगते का काय," ते म्हणाले आणि सुटकेनं दोन खाल्ले. मी मात्र डॉक्टरांच्या त्या गाण्याच्या गोष्टीत अडकले होते. हे असं मोजमाप मी कधी ऐकलं नव्हतं. बोलता यावं, पण गाता येऊ नये, अशी एक जागा आपल्या आत असते आणि ती मला माहीत नाही, याचं नवल वाटत राहिलं. आणि एकटीनं धावायचं तर बोलायचं कुणाशी?

गावात बाईमाणसानं उगाच धावण्याची सोय नव्हती. मोबाइलचा टॉवर त्या वर्षी नुकताच उभा राहिला होता, पण काही कारण नसताना धावणारी बाई गावानं अजून पाहिली नव्हती. म्हणून मी धानाची खोली निवडली. दिवाळीनंतर ती पोत्यांनी छतापर्यंत भरायची, पण मध्ये एका माणसाला उभं राहता येईल एवढी जागा होती. संध्याकाळी शाळेतून आल्यावर मुलीची जुनी सलवार घालून, दार लावून, मी तिथे जागच्या जागी धावायला लागले. आणि बोलता येतंय का हे पाहायला पाढे म्हणायला लागले. मास्तरीणच मी, दुसरं काय सुचणार?

सतराचा पाढा अर्ध्यावर तुटला. धानाचा भुसा नाकात गेला, घशात लोखंड चाटल्यासारखी चव आली. पण सगळ्यात विचित्र म्हणजे मांड्यांना खाज सुटली. आतून, जणू मुंग्या चालत होत्या. मी थांबून पोत्याला टेकले आणि दोन्ही हातांनी मांड्या खाजवत उभी राहिले. कातडीवर काही दिसत नव्हतं, लाल चट्टा नाही की काही नाही. थोड्या वेळानं खाज आपोआप गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तेव्हा भीतीपेक्षा उत्सुकता मोठी झाली. मी एवढी वर्षं ज्या शरीरात राहत होते, त्याच्या काही खोल्या मी उघडल्याच नव्हत्या. आज कुठे दुखतं, कुठे खाजतं, किती वेळानं श्वास जागेवर येतो, हे पाहायला मी दार लावायची वाट बघू लागले.

चार-सहा दिवसांनी दारावर थाप पडली. मी दार उघडलं. सासूबाई हातात काठी घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती.

"काय करून राहिली वं तू अंदर?"

"काही नाही, आई. व्यायाम."

"व्यायाम? मले वाटलं अंगात आलं का काय. धपधप-धपधप आवाज, अन् मधातच सतरा पंचे म्हणून ओरडते!"

मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, माझ्या घामेजलेल्या तोंडाकडे पाहिलं, पोत्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ह्या भुश्यात कायले करते? आणखी खोकला लागन. बोडीवर जा ना."

"लोक काय म्हणतील?"

"म्हनतीन थोडे दिवस. मंग थकतीन."

बोडी म्हणजे आमच्या गावाचा लहानसा तलाव. तिच्या मातीच्या पाळीवरून धानाच्या बांधांकडे जायची वाट होती. पाळीच्या टोकाला मोहाचं झाड. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी कापडी बूट घालून गेले आणि मोकळी हवा मिळाल्याच्या आनंदात वाटेल तशी धावत सुटले. गोठ्यातून सुटलेल्या वासरासारखी. पाळीच्या मध्यापर्यंतही पोहोचले नाही. बरगडीखाली अशी कळ आली की मी सरळ गवतावर आडवी झाले. दव पाठीला लागलं. वर आभाळ गरगर फिरत होतं.

मोहफुलं वेचायला निघालेल्या दोन बाया टोपल्या घेऊन तिथेच थांबल्या. त्यातली एक आमच्या शेजारच्या पोवारांच्या घरची.

"काऊन धावून राहिली बाई? कोनी मांगं लागलं का?"

मी हातानंच नाही म्हटलं.

"मंग कायले धावत होतीस?"

डॉक्टरनं सांगितलं म्हणावं, तर मग सगळ्या गावात बाईच्या हृदयाला भोक पडल्याची बातमी जाणार. मी कशीबशी उठून बसले आणि म्हणाले, "पाहत होते, कुठपर्यंत जमते."

"मंग?"

"इथपर्यंत."

दोघी हसल्या. वाईट हसल्या नाहीत, पण हसल्या. त्या दिवशी शाळेत पाचवीच्या मुलांनाही ते ठाऊक होतं. मी बूट पलंगाखाली सारले आणि बरेच दिवस पाळीवर गेले नाही.

एका सकाळी चूल पेटवताना सासूबाईंनी विचारलं, "नाई जात का आता?"

"नाही."

"काऊन?"

"हसतात सगळे. आणि जमत पण नाही."

त्या फुंकणीनं विस्तव फुलवत राहिल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, "मी येतो संगं. मी पाळीवर बसन. कोनी बोललं तं मी पाहून घेईन."

मला वाटलं त्या माझ्या राखणीला येताहेत. नंतर लक्षात आलं, तसं नव्हतं. गुडघे धरल्यापासून त्यांनी शेतावर जाणं सोडलं होतं. दोन-तीन वर्षं त्या घरापुढच्या छपरीत बसून होत्या. त्यांनाही कुठेतरी जायचं होतं आणि जायला कारण नव्हतं.

आम्ही जाऊ लागलो. त्या मोहाखाली काठी आडवी टाकून बसत, मी पाळीवर ये-जा करी. या वेळी मी हळू सुरुवात केली. इतकी हळू, की बाजूनं जाणारी म्हैस माझ्यापुढे निघून जाई. थोडं धावायचं, पाढा अडखळला की चालायचं, श्वास परतला की पुन्हा धावायचं. सासूबाई लांबून सगळं पाहत. त्यांचे प्रश्न मात्र रोज नवे असत. घाम पहिल्यांदा कुठे येतो? थांबल्यावर तोंड जास्त लाल होते, ते कायले? धावून आल्यावर भूक लागते का मरते? मला बऱ्याचशा गोष्टी ठाऊक नसत. मग दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तेवढंच पाहून त्यांना सांगत असे. घाम आधी ओठाच्या वर येतो, मग पाठीला. भूक आधी मरते आणि शाळेत प्रार्थनेच्या वेळी कडकडून लागते.

मोहाचा बहार ओसरत आला होता. एका सकाळी पाळीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचून वळून पाहिलं, तर सासूबाई झाडाखाली नव्हत्या. काठी तिथेच पडलेली. बोडीत पाणी कमी झालं होतं, पण गाळ होता. मी धावत सुटले. मध्ये कुठे थांबले नाही, पाढा म्हटला नाही, काही नाही.

सासूबाई बांधाच्या वाटेवर सापडल्या. लुगडं खोचून, काठीशिवाय, झपझप चालत येत होत्या. मला पाहून थांबल्या आणि धापा टाकत हसू लागल्या.

"आई! काठी कुठं टाकली? पडल्या असत्या तर?"

"थांब वं, थांब." त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी माझा हात ओढला आणि स्वतःच्या छातीवर दाबून धरला. "पा. माह्यं बी होऊन राहिलं. तुह्यासारखंच."

लुगड्याखाली त्यांचं हृदय धडधडत होतं. मी त्या घरात येऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती. पाया पडताना त्यांच्या पावलांना हात लागला होता, दुखलं-खुपलं तेव्हा पाठीला तेल लावलं होतं, पण असा हात कधी ठेवला नव्हता. मी तो काढून घ्यायला विसरले. मग त्यांनी आपला खरखरीत तळवा माझ्या छातीवर ठेवला आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या.

"तुह्यं लवकर हळू होते," त्या थोड्या वेळानं म्हणाल्या.

"मी रोज धावते ना."

"हव?" त्यांना ते खरं वाटेना. पुन्हा हात ठेवून पाहिला. खरंच होतं. माझं शांत होत आलं होतं आणि त्यांचं अजून धपधपत होतं. त्या क्षणी माझ्याही लक्षात आलं की मी पाळीच्या एका टोकापासून इथपर्यंत न थांबता आले होते.

त्यानंतर त्यांना तो नादच लागला. चालून आल्या की स्वतःच्या छातीवर हात, मग माझ्या. घरी आल्यावर गाईच्या वासराच्या बरगडीला कान लावून बसत. "ह्याचं पा किती पटपट चालते. अन् हा तं धावलाबी नाई!" शेजारची पोवारीण छपरीत आली की तिच्याही छातीवर हात ठेवून पाहत. ती आधी लाजली, मग तिनंही त्यांच्या छातीवर ठेवला. आमच्या छपरीत काही दिवस हाच कार्यक्रम होता.

पाऊस लागला तशी पाळ निसरडी झाली. मी पुन्हा घरात, या वेळी छपरीत, उघड्यावर धावू लागले. त्याचं कुणाला काही वाटेनासं झालं होतं. मध्ये खंड पडले. धानाच्या रोवणीच्या दिवसांत, मुलीच्या परीक्षेत, एकदा मलेरियानं. प्रत्येक वेळी पुन्हा पहिल्यापासून धाप, पुन्हा खाज. पण आता ती ओळखीची होती. मी फार लांब धावणारी कधीच झाले नाही. आजही थोडं धावते, थोडं चालते.

त्या पावसाळ्यातच सासूबाईंनी मला एक प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर मला सुचलं नव्हतं. मुलीला भेटायला गोंदियाला गेले तेव्हा मी वेळ काढून त्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "फिर क्या हुआ मॅडम?" मी म्हटलं, मला काही झालं नाही, सासूबाईंचा प्रश्न आहे. तो ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं, थोडे हसले आणि मग नीट उत्तर दिलं.

घरी आले तेव्हा सासूबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. मला पाहताच म्हणाल्या, "विचारलं का?"

"विचारलं."

"मंग? दिवसभर चालते, झोपलं तरी चालते, तं आराम कधी करते ते?"

"दोन ठोक्यांच्या मधात," मी म्हणाले. "एक ठोका झाला की दुसरा व्हायच्या आधी. तेवढाच आराम."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. हात छातीवर नेला आणि एकेक ठोका तपासू लागल्या. बाहेर छपराच्या कवेलूंवरून पागोळ्या गळत होत्या.

"एवढासाच?" त्या म्हणाल्या. "अन् पुरते त्याले?"